चार बोटं शिरका

लग्नानंतर दुसऱ्याच सकाळी सासऱ्यांनी माझी शिरक्याची बाटली स्वयंपाकघरातून बाहेर काढली.

ती मी माहेराहून, राजोडीहून, साड्यांच्या घडीत गुंडाळून आणली होती. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांच्या घरात ताडीचा शिरका हवाच. डुकराच्या मटणाचा इंद्याल त्याच्याशिवाय होत नाही. पण शिरका दर वेळी नव्याने लावत नाहीत. दह्याला जसं विरजण, तसं शिरक्यालाही जुन्याचं विरजण लागतं. बाटली कधी पूर्ण रिकामी करायची नाही, तळाला चार बोटं शिरका राखायचा आणि वरून ताजी ताडी ओतायची. महिना-दीड महिन्यात बाटलीभर शिरका पुन्हा तयार. आईने मला सोन्याच्या बांगड्या दिल्या तेव्हा ती हसत होती आणि ही बाटली दिली तेव्हा रडली. म्हणाली, बांगड्या मोडशील, ही मोडू नकोस.

सासरे आत आले, दारातच थबकले, नाकाने हवा हुंगली आणि शिरका कोणी आणला म्हणून विचारलं. मी आणला म्हटल्यावर म्हणाले, मागच्या पडवीत नेऊन ठेव, लाकडांच्या वरच्या फळीवर. माझा स्वभाव तेव्हाही तिखटच. नव्या सुनेने बोलू नये वगैरे मला घरी कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी उपयोग नव्हता. मी विचारलं, शिरका म्हणजे काय विष आहे का?

"शिरका वाईट नाय, बाय," ते शांतपणे म्हणाले. "चांगल्या वाईनचाच शिरका होतो. खराब वाईन नुसती कुजते. पण ही दोघं एका घरात नांदत नायत. शिरक्याची हवा लागली की वाईन आंबते."

बाटली पडवीत गेली. मी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं, कारण ते एरवीही कामापुरतंच बोलत.

घरात वाईन होती हे खरं. मधल्या खोलीत भिंतीतलं एक खोल फडताळ होतं, त्याला उजेड लागत नसे. त्यात बाटल्या आडव्या झोपवलेल्या, बुचं ओली राहावीत म्हणून. माझा नवरा म्हणायचा, आमच्याकडे माणसांना टेकायला जागा नाही, बाटल्या मात्र दिवसभर लोळत असतात. बाटल्यांच्या मधोमध एक खण रिकामा होता. मी एकदा पसारा आवरताना त्यात मेणबत्त्या ठेवल्या, तर सासऱ्यांनी त्या उचलून बाहेर ठेवल्या.

गावाच्या टोकाला, चिंचांच्या मागे, पूर्वी वाईनचा कारखाना होता. कारखाना हा शब्द कोणी वापरत नसे, सगळे वखार म्हणत. मालकांच्या आजाच्या वेळेपासूनची ती वखार. नाशिककडून द्राक्षं यायची, द्राक्षं नसली की मनुका यायच्या, आणि आसपासच्या चर्चना मिस्सासाठी, म्हणजे तिथल्या उपासनेसाठी, लागणारी वाईन तिथून जायची. दारूबंदी आली तरी मिस्साच्या वाईनला परवाना होता, त्यावर वखार पुढे बरीच वर्षं तगली. मी लग्न होऊन आले तेव्हा मात्र ती बंद पडून आठ-दहा वर्षं झाली होती आणि तिची पिंपं लोकांच्या वाड्यांत पाणी भरायला गेली होती.

सासऱ्यांची सगळी नोकरी तिथे झाली. त्यांचं काम शेवटचं: बूच ठोकायचं, बाटलीचं तोंड वितळलेल्या लाखेत बुडवायचं आणि लाख गरम असतानाच तिच्यावर वखारीचा ठसा मारायचा. चटके बसून बसून त्यांच्या बोटांची कातडी चामड्यासारखी झाली होती. इतक्या वर्षांत वाईनचा एक थेंब त्यांनी तोंडात घेतला नाही. बाटली बंद करणाऱ्याने ती चाखायची नसते, असा त्यांचा स्वतःचा नियम होता. आमच्या लोकांत असा नियम पाळणारा माणूस म्हणजे नवलच, आणि गाव त्यांना त्यावरून चिडवतही असे.

वखार बंद झाली तेव्हा त्यांनी घरी एकही बाटली आणली नाही. मग सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर कधीतरी ते आपणच बंद केलेल्या बाटल्या गावोगाव शोधायला लागले. म्हणजे मी आले तेव्हा हा उद्योग ऐन भरात होता.

त्यांची नजर मंद होत चालली होती, म्हणून दुसऱ्या वर्षापासून ते मला बरोबर नेऊ लागले. मी शाळेत शिकवत होते, रविवारी मोकळी. मिस्सा झाला की टांगा करायचा आणि एखाद्या गावात कोणाच्या तरी दारात उभं राहायचं. लोकांना वाटायचं, सून दाखवायला आणलीय. मग चहा व्हायचा, आणि चहानंतर सासरे हळूच विचारायचे, घरात वखारीची जुनी वाईन कुठे पडलीय का? पडलेल्या असायच्या बाटल्या, पण कशाकशाच्या! एकीत खोबरेल, एकीत रॉकेल, एकीत चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी. मनवेलपाड्याच्या एका घरात वखारीचं लेबल असलेली बाटली बघून मी हरखले, तर तिच्यात ढेकणांचं औषध निघालं.

तरी नऊ वर्षांत बऱ्याच मिळाल्या, लाख न फुटलेल्या. मला हळूहळू त्या ओळखू यायला लागल्या. मिस्साच्या वाईनची लाख लाल. बाळंतिणीसाठी शोपा घालून केलेलीची हिरवी. एका वर्षी जांभूळ उदंड आलं म्हणून जांभळाची केली होती. तिच्या लेबलावर छापखान्याने द्राक्षाचा घोसच छापला, आणि मालकांनी शाईने त्या द्राक्षांची जांभळं केली. ती बाटली गिरीजच्या एका मास्तरांकडे मिळाली. सासरे तिच्यावरच्या शाईवरून बोट फिरवत बसले आणि मास्तरांचं घर सोडेपर्यंत हसत होते. मला ते हसताना फार आवडायचे. वरचे दोन दात नव्हते, त्यामुळे एकदम लहान दिसायचे.

माझं काम लेबल वाचून दाखवायचं. लेबल नसेल तर बाटली त्यांच्या हातात द्यायची. ते तोंडाच्या खाली, मानेवर, अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, नाय. काय शोधताय, असं विचारलं तर सांगत नसत. खूण सांगितली की तिची किंमत जाते, एवढंच म्हणायचे. मला राग यायचा. बाटल्या वाहायला मी, आणि खूण मात्र गुपित!

अर्नाळ्याची बाटली मिळाली नाही, पण तिने पुढचं सगळं घडवलं. एका वर्षी लाखेचा पुरवठा झाला नाही तेव्हा वखारीने कोळ्यांकडून होडीला लावायचं डांबर आणून त्यात बाटल्यांची तोंडं बुडवली होती. फादरांनी तक्रार केली की मिस्साला होडीचा वास येतो, आणि ती वाईन परत आली. तसली एक काळ्या तोंडाची बाटली अर्नाळ्याच्या एका म्हाताऱ्या कोळणीच्या घरात, भिंतीतल्या कोनाड्यात, देवांच्या शेजारी उभी होती. बदल्यात काय हवं ते देतो, असं सासऱ्यांनी सांगून पाहिलं. तिने मान हलवली.

"माजा घोव वखारीला डांबर घेऊन गेलता. बाटली तुमची आसंल, वरचं डांबर त्याच्या हातचं हाय," ती म्हणाली. "ही कोनाला द्याची नाय."

सासऱ्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाटली एकदा हातात घेतली, डांबराचा वास घेतला आणि होती तिथे नीट ठेवली. पुढे दर वर्षी आम्ही अर्नाळ्याला जायचो, ती बाटली नुसती बघून यायचो. म्हातारी आम्हाला वाकट्यांची सुकी मासळी बांधून द्यायची.

त्या पहिल्या खेपेला परतताना टांग्यात ते आपणहून बोलायला लागले, आणि रिकाम्या खणाची गोष्ट मला कळली.

सासूबाईंचा हात सुकेळ्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेला होता. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर दिवसचे दिवस उन्हात सुकवायची, आणि मऊ तांबडी झाली की केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधून पुडे करायचे. दारूबंदी यायच्या आदल्या वर्षी द्राक्षं कमी आली, मनुकाही आल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, मनुकांची वाईन होते तर माझ्या सुकेळ्यांची का नाही होणार? सासऱ्यांनी भीत भीत मालकांना विचारलं. मालक नशिबाने खुशीत होते. एक पिंप लावलं. सासूबाईंनी त्या हंगामाची सगळी सुकेळी त्याच्यात घातली.

वाईन तयार झाली तेव्हा मालकांनी एक घोट घेतला आणि जमिनीवर थुंकला. ही वाईन नाही, काकवी आहे, असं सगळ्यांसमोर म्हणाले. लेबल छापलंच नाही. बाटल्या भरल्या आणि त्या हंगामातल्या लग्नघरांना फुकट वाटून टाकल्या. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, कशी झाली? सासरे म्हणाले, मालकांना नाही आवडली. त्यांनी विचारलं, आणि तुम्हाला? सासऱ्यांनी तर चाखलीच नव्हती. ते म्हणाले, मालकांना त्यातलं कळतं.

सासूबाई पुढची वीस वर्षं सुकेळी करत राहिल्या, पण वाईनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

"तिने मला विचारलं होतं," सासरे म्हणाले. "मालकाला नाय."

त्यांना त्या वाईनची एक बाटली हवी होती. फोडून, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडून, एक घोट घ्यायचा होता. चांगली होती की नव्हती एवढं एकदा कळलं, की वर गेल्यावर तिला सांगता येईल. मी सासूबाईंना पाहिलंही नव्हतं, पण टांग्यात बसल्या बसल्या मी त्यांच्या बाजूची झाले. सासऱ्यांना सुनावलंसुद्धा, की तेव्हाच एक घोट घेतला असता तर कुठला धर्म बुडाला असता! ते म्हणाले, खरं आहे. त्यांनी माझ्याशी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माझा पडवीतल्या बाटलीचा राग मात्र त्या दिवशी निम्मा उतरला.

मग आम्ही लग्नघरं शोधायला लागलो. त्या वर्षी कोणाकोणाची लग्नं झाली, ते चर्चच्या जुन्या वहीतून उतरवून घेतलं. नाळा, नंदाखाल, आगाशी, सोपाऱ्याच्या खाडीपलीकडची दोन घरं. माझ्या आईचं नावही त्या यादीत होतं. राजोडीला गेलो, आईला विचारलं. आईने फडताळं उघडून दाखवली आणि सांगितलं, आमच्याकडे वखारीची वाईन वगैरे काही नाही. आम्ही कालवं खाऊन परत आलो.

अशी वर्षं गेली. दर नाताळाला मी पडवीत जाऊन चुलीच्या धुराने काळी झालेली माझी बाटली उचलायची, शिरका ओतायची, चार बोटं राखायची, ताडीवाल्याकडून पुन्हा भरून घ्यायची. इंद्याल सासऱ्यांना आवडायचा. तोंडाने नुसतं "बरा झालाय" म्हणायचे, पण दोनदा वाढून घ्यायचे. मी मुद्दाम विचारायची, शिरका लागतोय का? ते म्हणायचे, लागतोय, आणि तो पडवीतच राहू दे.

चौऱ्याऐंशीच्या पावसानंतर त्यांच्या पायांतलं बळ गेलं. खाट मधल्या खोलीत, फडताळाच्या समोर आणली. ऑक्टोबरातल्या एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, आता माझ्याच्याने फिरणं होणार नाही, तू शोधशील का? मी हो म्हटलं. तेव्हा त्यांनी नऊ वर्षांनी मला खूण सांगितली.

त्या बाटल्यांना लेबल मिळणार नाही, हे कळल्यावर त्यांना वाईट वाटलं होतं. सुकेळ्यांचे पुडे ज्या दोरीने बांधून आले होते, ती सासूबाईंनी वळलेली केळीच्या सोपटाची दोरी वखारीत पडली होती. तिचे तुकडे करून त्यांनी प्रत्येक बाटलीच्या मानेला दोन वेढे दिले, डाव्या अंगाला गाठ मारली आणि वरून लाख चढवली. मालकांना पत्ता लागला नाही. लाख फुटली तरी मानेवरची दोरी निघायची नाही, चिकटून बसलेली असणार. अंगठ्याला दोन वळ लागतील आणि डावीकडे गाठ.

मी हो हो म्हणत होते आणि माझा अंगठा आपोआप हलत होता. ते दोन वळ माझ्या अंगठ्याला पाठ होते. बाटली घसरू नये म्हणून मी दर वेळी तिथेच पकडायची, गाठीच्या खाली.

मी उठून पडवीत गेले. बाटली उतरवली, काजळी खरवडली. खाली लाखेचा काळपट थर होता, आणि त्याच्यात दोरी.

त्यांना लगेच सांगायचं धाडस मला झालं नाही. मी भित्री नाही, पण तेव्हा घाबरले. त्यांना वाईन हवी होती आणि माझ्या हातात शिरका होता. आंबलेली वाईन म्हणजे बूच लावणाऱ्याची नाचक्की, हे त्यांच्याकडूनच शिकले होते. हा माणूस एवढ्याशा आशेवर श्वास घेतोय आणि तीच मी आंबट करून त्याच्या पुढ्यात ठेवायची? त्यात रागही येत होता. नऊ वर्षं त्यांनी स्वतःच तिला घराबाहेर ठेवली होती. पडवीत ते पाऊलही टाकत नसत, कपड्यांना शिरक्याची हवा लागेल म्हणून. दोन दिवस मी बाटली फळीवरच राहू दिली. नवरा म्हणाला, सांगून टाक. त्याला काय जातंय सांगायला!

तिसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी आधी राजोडीला गेले आणि आईला फैलावर घेतलं. ती म्हणाली, तुम्ही वाईन विचारलीत, शिरका कुठे विचारलात? मग तिने सांगितलं. ती बाटली तिच्या लग्नातलीच. मांडवातच फोडली. पुरुषांना गोड लागली, त्यांनी बाजूला सारली. आईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तिने दोन घोट घेतले आणि तिला ती एवढी आवडली की उरलेली लपवून ठेवली. नव्या संसारात विसरली. आठवण झाली तोवर आंबली होती, पण वास इतका सुरेख येत होता की आजीने टाकू दिली नाही, वर ताडी ओतली. तेव्हापासून तोच शिरका चालू होता.

दुपारी मी बाटली पुसून सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने अंगठा फिरवला आणि तो गाठीवर थांबला. मग दोन्ही हातांनी बाटली छातीशी धरली. वास तर त्यांना आधीच आला होता.

"लाख कोणी फोडली?" त्यांनी पहिलं हे विचारलं.

मी आईने सांगितलेलं सगळं सांगितलं. लाख सुटली नव्हती, मांडवात फोडली होती, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. आईला आवडली होती, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, दे थोडा. मी चमच्यात ओतला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी बाटल्या बंद केलेल्या त्या माणसाने तो चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. ठसका लागेल म्हणून मी पाण्याचा पेला धरून उभी होते.

"किती वर्षं झाली याला?"

"पस्तीस-छत्तीस. आईच्या लग्नापासून."

"एकदाही कुजला नाय?"

"एकदाही नाही, बाबा."

त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. खराब वाईन नुसती कुजते, चांगल्या वाईनचाच शिरका होतो, हे लग्नानंतर दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं होतं, बाटली बाहेर काढताना. मला ते तेव्हा आठवलं आणि मीही खाटेच्या कडेला बसून रडले. मी फारशी रडत नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि फडताळाकडे बोट केलं.

"मधल्या खणात ठेव, बाय."

मी सांगून पाहिलं की बूच सैल आहे, हवा लागेल, इतकी वर्षं जमवलेल्या सगळ्या बाटल्या आंबतील.

"आंबू दे," ते म्हणाले.

मी ती मधल्या खणात उभी ठेवली, मिस्साच्या वाईनच्या शेजारी.